रजईतलं अस्वल

गोष्टीतलं अस्वल छपराला टेकलं तरी कैची वाजली नाही, तेव्हा बाबूभाई सांगता सांगता थांबला. हात हवेतच राहिला. त्या हाताने तो देवाजीला अस्वलाची उंची दाखवत होता, आणि आता तो खाली कसा आणावा हे त्याला कळेना, कारण इतक्या वर्षांत तो हात त्याने स्वतःहून कधी खाली आणलाच नव्हता. समोर देवाजी पिंजलेल्या कापसाच्या ढिगाला पाठ लावून बसला होता. मूल गावाकडचा धानवाला माणूस. दर हिवाळ्याला घरच्या जुन्या रजया गाठोड्यात बांधून एसटीने चंद्रपूरला आणायचा, कापूस पिंजून नव्याने भरून घ्यायचा, आणि तेवढ्या वेळात एकदा अस्वलाची गोष्ट ऐकायचा. कुठे हसायचं, कुठे मांडीवर थाप मारायची आणि कुठे आतल्या पडद्याकडे पाहायचं, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं. आताही त्याने पडद्याकडे पाहिलं. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला, दुकानाच्या फळ्या थरथरल्या, सकाळी पांढराशुभ्र असलेला कापूस दुपारपर्यंत जसा रोज राखाडी होतो तसा अजून थोडा राखाडी झाला. पडदा हलला नाही. देवाजी खाकरला आणि म्हणाला, "भाऊ, अस्वल यंदा बहुतच वाढलं."

"वाढन नाई त काय," बाबूभाई म्हणाला. "जंगलात यंदा मोह चांगला झाला."

देवाजी हसला, पण उशिरा हसला, आणि त्या उशिरात बाबूभाईला पडद्याआडून आवाज ऐकू आला. बायकोचा, जरीनाचाच आवाज, पण त्याच्या ओळखीचा नव्हे. लहान मुलीने ताटावरून उठून, हात न धुताच विचारावं तसा. "मग? मग काय झालं, भाऊ?"

भाऊ. निकाहापासून ती त्याला 'अजी' म्हणत आली होती.

आता ही कैचीची काय भानगड, ते सांगायला हवं. दुकानाचं दार रस्त्यावर, मागे पडदा, पडद्यामागे जरीना. बाबूभाई पुढे बसून कापूस पिंजायचा आणि गिऱ्हाईकाला गोष्टी सांगायचा, जरीना मागे बसून खोळी कापायची, टाके घालायची आणि गोष्टी ऐकायची. शेरभर कापूस पिंजला की खोलीभर होतो. बाबूभाईच्या तोंडी पडलेल्या गोष्टीचं तेच व्हायचं. जुनोन्याच्या तलावातला मासा त्याच्या तोंडी पडून बैलगाडीएवढा व्हायचा. मग पडद्याआडून कैची वाजायची. कापडाविना, नुसतीच, कच्. म्हणजे हातभर कमी करा. बाबूभाई ओठातल्या ओठात पुटपुटून मासा हातभर कमी करायचा. अजून एकदा कच्, अजून हातभर. गिऱ्हाईक हसून हसून गादीवर लोळायचं, आणि मासा जेव्हा ताटात मावेल एवढा व्हायचा तेव्हा कैची गप्प बसायची. बाबूभाईच्या आईला हे मुळीच खपत नसे. रिकामी कैची वाजवली की घरात भांडणं येतात, असं तिचं ठाम मत. "भांडण त तुमीच बारात घेऊन मागून आणलं, अम्मी," जरीना म्हणायची, आणि परत वाजवायची. पुढेपुढे बाबूभाई मुद्दाम मोठं सांगू लागला. बाजारात घासाघीस होणार हे धरूनच भाव सांगतात, तसं. कापायला जागा ठेवून तो गोष्ट शिवायचा. अख्ख्या चंद्रपुरात तो फेकाड्या म्हणून नावाजलेला होता, पण खरी गोष्ट अशी होती की त्याचं एकही खोटं त्याच्या एकट्याचं नव्हतं. अर्ध्या खोट्यावर जरीनाचा हात फिरलेला असायचा.

त्या दिवशी देवाजी गेल्यावर त्याने पडदा बाजूला केला. कैची तिच्या मांडीवर होती, बोटं कड्यांत अडकवलेली, आणि चेहरा असा उघडा की त्याला आपणच कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय असं वाटलं. म्हणजे कैची होती. बोटंही होती. फक्त कमी करायचं काय आणि का, ते कुठेतरी गेलं होतं.

पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि आजाराचं नाव सांगितलं. नाव लांबलचक होतं, बाबूभाईने ते पाठ करायला नकार दिला. "ती इसरून राह्यली, तेवढं पुरे. मी काऊन लक्षात ठेवू?" आणि एका शुक्रवारी जरीनाने झिशानच्या लग्नातल्या शेरवानीची बाही कापून तिची छोटी टोपी शिवली. टाका मात्र असा की अजूनही कोणी नाव ठेवू नये. झिशान, त्यांचा मुलगा, कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला. तो रविवारी आल्यावर टोपी हातात घेऊन नुसता बसून राहिला. सून नाहीदने कैची उचलली, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली ओढणीला बांधली. बाबूभाईला तोंडावर वाईट वाटलं, आतून मात्र सुटल्यासारखं झालं. आता त्याला स्वतःला सांगता येऊ लागलं की कैचीच नाही तर वाजणार कशी. हे खोटं त्याचं स्वतःचं होतं, पूर्ण लांबीचं, कुणी न कापलेलं. ते अंगावर घेऊन बाबूभाई तो हिवाळा निभावून नेत होता.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो आत जाऊन तिच्यापाशी बसायचा. फोमच्या गाद्या आल्यापासून गिऱ्हाईक नसायचंच. तो सांगायचा आणि ती ऐकायची. पहिल्यांदा त्याने चाचपून पाहिलं. म्हणाला, इरईचं धरण माझ्या आजोबाने एका हिवाळ्यात हाताने खणलं. "हो?" ती म्हणाली. म्हणाला, जटपुरा गेटातून पूर्वी हत्ती जायचे, एक अडकला, तो अजून तिथेच आहे, वरून चुना लावलाय म्हणून दिसत नाही. तिने गालाला हात लावला. "बिचारा," म्हणाली. त्याच्या खोट्यांना आयुष्यात प्रथमच वाट मोकळी मिळाली होती. पलीकडून कुणी अडवत नव्हतं, आणि ती खोटी इतकी दूरवर धावत गेली की बाबूभाईला दम लागला. दोरीच्या दुसऱ्या टोकाला ओढणारं कुणी नसलं की रस्सीखेच खेळणारा जसा पाठीवर आपटतो, तसा तो रोज दुपारी आपटत होता. एकदा तर त्याने सांगितलं की आपण मेलो होतो, आणि कब्रस्तानात गादी कडक होती म्हणून परत आलो. ही फेक ऐकून जुनी जरीना कैचीच फेकून मारती. ही जरीना थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "तुमी किती खरं बोलता, भाऊ." आणि जरा जवळ सरकून, घरातलं गुपित परक्याला सांगावं तशी, "माझा नवरा हाय ना, तो बहुत फेकते. येईलच आता. त्याच्यासमोर बसू नका, तुमालेबी बिघडवीन."

"कधी येईन तो?"

"येईन ना. मुलचेऱ्याकडं गेला रजया घेऊन." तिने दाराकडे पाहिलं. "जंगलाचा रस्ता हाय."

बाबूभाई उठून पुढे दुकानात आला आणि पिंजलेल्याच कापसाला पुन्हा पिंजत बसला. मुलचेरा. म्हणजे तिथवर गेली होती ती. सगळी वर्षं मागे टाकत, झिशानचा जन्म, अम्मीचं जाणं, पिंजणयंत्र घेतलं ते साल, सगळं ओलांडून ती त्या हिवाळ्याच्या दारात जाऊन बसली होती आणि त्याची वाट पाहत होती. आणि तो तिच्याच मागच्या खोलीत, तिच्याच पुढ्यात, भाऊ होऊन बसला होता. तिला ज्याची वाट होती तो एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा त्यालाही हवाच होता. त्या पोराचा बाबूभाईला इतका हेवा वाटला की त्याच्या हातातली मूठभर रुई घामाने ओली झाली.

मुलचेऱ्याची गोष्ट म्हणजेच अस्वलाची गोष्ट. दुकानात ती अशी सांगितली जायची: निकाहाच्या पहिल्याच हिवाळ्यात बाबूभाई पाठीवर रजयांचा गठ्ठा घेऊन तिकडच्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्यांत विकायला गेला. जंगलात हिवताप चढला. एका ओसाड झोपडीत पडला, दात असे वाजत होते की आजूबाजूचे सुतारपक्षी लाजून उडून गेले. तेव्हा अस्वल आलं. त्याने वास घेतला, विचार केला, गठ्ठा सोडला, एकावर एक रजया बाबूभाईच्या अंगावर घातल्या आणि तरी थंडी जाईना म्हणून स्वतः पायांवर बसलं. मध आणून चाटवला. ताप उतरल्यावर पाठीवर घेऊन आलापल्लीच्या नाक्यापर्यंत सोडलं आणि मजुरी म्हणून एक रजई घेऊन गेलं. लाल खोळीची.

आणि जे झालं होतं ते असं. वस्तीतल्या एका बंगाली म्हाताऱ्याने त्याला ओसरीत झोपवलं होतं, ताप मेंदूत जाण्याच्या बेतात होता. कागद कारखान्याला बांबू घेऊन येणाऱ्या कुणा ड्रायव्हरच्या तोंडी निरोप चंद्रपूरला आला आणि तो नेमका जरीनाच्या कानी पडला, कारण अम्मी शेजारी गेली होती. जरीना तेव्हा एकटी जटपुरा गेटच्या बाहेर गेलेली नव्हती. तिने सासूला सांगितलं की बल्लारपूरला माहेरी जाते, आणि ती बांबू उतरवून जंगलात रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये चढली. क्लीनरच्या शेजारी, तोंडावर ओढणी, हातातल्या नव्या नवरीच्या हिरव्या बांगड्या वाजून आपल्याकडे लक्ष जायला नको म्हणून त्यांच्यावर चिंधी बांधलेली. पूल, नाके, साग आणि पुन्हा साग, रस्ता संपतो तिथून पुढे बैलगाडी. बाबूभाईला तेव्हा त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला फक्त आठवत होतं की तापाच्या तळाशी तो एकटा होता आणि वरून कुठूनतरी बांगड्यांचा आवाज आला. तिने चिंधी सोडली होती. मग एकावर एक रजया. तरी थंडी जाईना म्हणून ती त्याच्या पायांवर बसली.

घरी परतल्यावर मोहल्ला गोळा झाला. तापातून उठलेला माणूस आला कसा, आणला कोणी? जरीना पडद्याआड होती. नवी सून सासूशी खोटं बोलून परक्या पुरुषांच्या ट्रकमधून जंगलात गेली, हे बाहेर फुटलं असतं तर कोण काय म्हणालं असतं ते मोहल्ल्यालाच माहीत. वाटेतच तिने त्याच्याकडून हे कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं होतं. बाबूभाईने पडद्याकडे पाहिलं आणि तोपर्यंत साधासरळ असलेल्या त्या पोराच्या तोंडून आयुष्यातली पहिली फेक निघाली: "अस्वलाने आणलं." आणि पडद्याआड पहिल्यांदा, तिने हसू आवरायला हातात येईल ते घट्ट धरलं असेल म्हणून, कैची वाजली. पुढच्या सगळ्या गोष्टी त्या एका आवाजासाठी होत्या.

डॉक्टर रंजीता दुकानात आली ती थंडी उतरता उतरता. चिमूरकडची पोरगी, आता नागपुरात. या विसरण्याच्या आजारावर औषध शोधणारी एक प्रयोगशाळा होती, आणि तिच्यासाठी गावोगावी निधी गोळा करणाऱ्या धर्मादाय संस्थेचं काम रंजीता करायची. पायातल्या चपला बाहेर काढून ती गादीवर बसली, हे बाबूभाईला आवडलं.

"चाचा, तुमच्या गप्पांचा कार्यक्रम ठेवायचा. सभागृहात, तिकीट लावून. जे येईल ते संशोधनाला."

"औषध कुठवर आलं?"

"अजून उंदरांवर चालू आहे."

"उंदराले काय इसरते?"

"रस्ता. आधी रस्ता शिकवतात, मग तो विसरेल असं करतात, मग औषध देऊन बघतात आठवतो का."

बाबूभाईने हातातली रुई खाली ठेवली. "मुद्दाम इसरायले लावता त्याले?" आणि मग, "त्याची बायको असन ना. तिले काय सांगता?"

रंजीता हसली नाही, हेही त्याला आवडलं. आत जरीना एक जुनी खोळ घडी करत होती, उलगडत होती, घडी करत होती. त्याने आवाज खाली आणला. "इच्यासाठी कधीपर्यंत होईन?"

"चाचींसाठी नाही होणार, चाचा. झालंच तर दहा-पंधरा वर्षांनी. दुसऱ्या कोणासाठी."

"दहा-पंधरा." त्याने घाऊक बाजारातल्यासारखी मान वाकडी केली. "जराक कमी करा ना."

"नाही होत कमी."

इतक्या सरळ नाहीची त्याला सवय राहिली नव्हती. त्याला एकदम बरं वाटलं, आणि त्याच क्षणी रडू येईल असंही वाटलं, म्हणून तो उठून पिंजणयंत्राचा पट्टा चाचपू लागला. रंजीता निघताना म्हणाली, "एक मात्र आहे. अस्वलाबद्दल काय वाट्टेल ते सांगा. औषधाबद्दल एक शब्द वाढवायचा नाही. लोक आशेने येतात. आणि शेवटी दोन वाक्यं खरी बोला, लोकांनी पैसे का द्यावेत म्हणून."

"खरी?" बाबूभाई म्हणाला. "ते त मले जमत नाई."

पण होकार त्याने मनात तेव्हाच दिला होता, आणि तो उंदरांसाठी नव्हता. त्याच्या डोक्यात काही वेगळंच शिजत होतं. पुढे माणसं, मागे पडदा, पडद्याआड ती, आणि तिच्या हातात कैची. आधी होतं तसंच सगळं मांडायचं. बोटांना कदाचित माहीत असेल. शेरवानीच्या बाहीची टोपी शिवली तेव्हा टाका कुठे चुकला होता? जे डोक्यातून गेलं ते बोटांत उरलं असेल, आणि माणसं हसायला लागली, अस्वल वाढायला लागलं, की बोटं आपोआप मिटतील. एकदा. त्याला जास्त नको होतं. एकदा तिने त्याला खोट्यात पकडावं.

नाहीद मात्र हटेना. "अब्बा, कैची नाई भेटनार."

"मी बाजूलेच बसन ना."

"तुमी बोलायले लागले की तुमाले घराले आग लागलेली समजत नाई."

हे खरंच होतं. दोघं बरेच दिवस एकमेकांशी जेवणापुरतं बोलत होती. शेवटी कार्यक्रमाच्या सकाळी नाहीदने ओढणीची गाठ सोडली, कपाट उघडलं आणि कैचीच्या टोकांना कापूस गुंडाळून वर दोरा घट्ट बांधला. पाती उघडत होती, मिटत होती, आवाजही करत होती. टोचणार मात्र नाही. "मी अम्मीच्या बाजूला बसनार," ती म्हणाली. "आन तुमी खुश दिसू नका एवढे. कैचीच हाय."

सभागृह दुपारी चारला भरलं. अर्धा मोहल्ला, अर्धे देवाजीकडचे, कॉलेजची पोरं, आणि मधूनमधून अशी माणसं, ज्यांच्याशेजारी एकेक म्हातारं हात धरून बसवलेलं. बाबूभाईने ती माणसं पटकन ओळखली. देवाजीने नव्या तांदळाचं पोतं आणलं होतं, लिलावात निधीसाठी द्यायला, आणि ते दाराशी ठेवून तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "अस्वल यंदा पायजा. छप्पर फाडते." मंचावर दोरी बांधून त्यावर एक फुलाफुलांची खोळ टांगली होती. तिच्याआड जरीना आणि नाहीद. बाबूभाई पुढे गादीवर बसला.

तो सांगू लागला. पाठीवर गठ्ठा, बंगाली वस्ती, साग. सुतारपक्षी उडाले तेव्हा सभागृहात हशा पिकला. अस्वल आलं. पहिल्या खेपेला त्याने ते कमरेएवढं ठेवलं, उगाच सुरुवातीलाच ताण नको. मग छातीएवढं. डोक्याएवढं. त्याने हात वर नेला आणि थांबला, जिथे इतकी वर्षं थांबत आला तिथेच, नेमका तेवढाच, आणि त्याचं सगळं अंग पाठीमागे कान होऊन बसलं. खोळीआड काही हललं. देवाजी पहिल्या रांगेत पुढे वाकला. आणि खोळ बाजूला सारून जरीनाचं तोंड बाहेर आलं, डोळे मोठे करून, गोष्ट नीट दिसावी म्हणून. "मग?" ती म्हणाली. सभागृह हसलं, कौतुकाने हसलं, टाळ्यासुद्धा पडल्या. नाहीदने तिला आत ओढायचा प्रयत्न केला, ती येईना, तेव्हा नाहीदने खोळच दोरीवर मागे सारली. आता ती सगळ्यांसमोर बसली होती, कैची हातात, बोटं कड्यांत, पाती उघडी.

बाबूभाईने तिच्याकडे अर्धवट वळून अस्वल वाढवलं. सागाएवढं केलं. त्याला बंगाली बोलायला लावलं. मध चाटवताना त्याने हिशेबाने थोडा स्वतःसाठी ठेवला, आलापल्लीच्या नाक्यावर शिपायाने त्याला सलाम ठोकला, माणसाचं नाव सांगून अस्वलाने एसटीचं तिकीटही मागितलं. लोक खुर्च्यांवरून कोसळत होते. बाबूभाईला मात्र त्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. तो फक्त त्या दोन पात्यांकडे पाहत होता, मधल्या फटीकडे, आणि ती फट मिटत नव्हती. जरीनाने सगळं घेतलं. सागाएवढं घेतलं, बंगाली घेतलं, तिकीट घेतलं. तहानलेल्या जमिनीत पाणी जिरावं तसं त्याचं खोटं तिच्यात जिरत गेलं आणि वर काहीच उगवलं नाही. मग त्याच्याकडचं संपलं. हे आयुष्यात पहिल्यांदाच झालं. तो थांबला आणि लोकांना वाटलं गोष्ट झाली, म्हणून टाळ्या वाजल्या.

बाजूला उभी असलेली रंजीता हळूच म्हणाली, "चाचा, ती दोन वाक्यं."

बाबूभाईने सभागृहाकडे पाहिलं. हात धरून बसवलेल्या त्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा हात धरून बसलेल्यांकडे. "औषध अजून आलं नाई," तो म्हणाला. "उंदरावर चालू हाय. तुमच्या घरच्यासाठी येईनच असं नाई. माझ्या घरी त येनारच नाई. तरी पैसे द्या." एवढं बोलून त्याला गप्प बसता आलं असतं. पण खरं बोलायची सवय नसल्याने कुठे थांबायचं ते त्याला माहीत नव्हतं. "काऊन द्या म्हनता? माझ्यापाशी एक गोष्ट हाय. ती दोघायनं मिळून ठेवली होती. आता एक जन इसरलं. आता मी कोनालेबी सांगितली त लोक म्हनते, बाबूभाई फेकून राह्यला. खरं हाय म्हनून सांगनारं कोनी उरलं नाई." काही जण हसले, सवयीने. तो जरीनाकडे वळला. आता तो तिच्याशीच बोलत होता. "ते अस्वल नव्हतं. झोपडी नव्हती, मध नव्हता. मी मरून राह्यलो होतो तिथी. आन एक बाई आली. नवी नवरी. घरी न सांगता, एकटी, बांबूच्या ट्रकमधून, एवढ्या जंगलातून आली. तिनं माह्या अंगावर रजया घातल्या, आन माह्या पायावर बसली. मी जिता हाय तो तिच्यामुळं."

जरीनाच्या कपाळावर आठी पडली. बारीक, उभी, डाव्या भुवईच्या वर, खोळ तिरपी कापली गेली की पडायची तीच.

कच्.

देवाजी खुर्चीतून उठलाच. नाहीदचा हात तोंडावर गेला.

"एकटी बाई?" जरीना म्हणाली. आवाज जुना होता, पडद्यामागचा, गिऱ्हाईकाला ऐकू जाईल न जाईल असा. "ट्रकमधून? एवढ्या जंगलात? अजी, कमी करा."

तिच्या अगदी समोर बसून बाबूभाईला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. एक, ती परत आली होती. दुसरी, ती ज्याला कापत होती ते त्याच्या आयुष्यातलं एकच न वाढवलेलं कापड होतं. कैची अजून अर्धी मिटलेली होती. तो म्हणू शकला असता, नाही, हे खरं आहे, ती तूच होतीस. पण समोर ती होती, डोळ्यांत त्याला पकडल्याची जुनी चमक घेऊन, आणि ती किती वेळ तिथे राहील हे रंजीतालासुद्धा सांगता आलं नसतं. त्याने इतकी वर्षं जे केलं तेच केलं. ओठातल्या ओठात पुटपुटला, उंची दाखवायचा हात वर केला आणि हळूहळू खाली आणला.

"बरं," तो म्हणाला. "बाई नव्हती. अस्वलच होतं."

जरीनाने मान हलवली. "हां. आता पटते." आणि पाती पुन्हा उघडून ती पुढचं ऐकायला बसली.

लोक हसले, टाळ्या पडल्या, दाराशी कुणीतरी देवाजीच्या तांदळावर बोली लावायला सुरुवातही केली. बाबूभाईने ते ऐकलं नाही. तो थोडा पुढे सरकला, गिऱ्हाईकाला कापडाचा पोत दाखवायला सरकायचा तसा.

"पन त्या अस्वलाच्या हातात," तो अगदी हळू म्हणाला, "हिरव्या बांगड्या होत्या."

आणि तो थांबला, नेहमीच्या जागी. जरीनाने कैचीकडे पाहिलं. मग आपल्या मनगटाकडे, जिथे आता नाहीदने घातलेली प्लास्टिकची एकच बांगडी होती. दुसऱ्या हाताच्या बोटाने तिने त्या मनगटावरून, चिंधीची गाठ शोधावी तसं, एकदा चाचपलं.

कैची उघडी होती. ती तशीच उघडी राहिली.